नदीकाठचे घर कोणाचे?



आम्ही मालवणकडची माणसे. आमच्याकडे पऱ्हाटी नाही आणि ज्वारीचे कणीसही नाही. माड, आंबा, काजू, पावसाळ्यापुरते भात आणि खाडीचे मासे एवढाच आमचा पसारा. कापसाच्या भावावर तुम्हाला शहाणपण शिकवण्याची आमची पात्रता नाही. आज तुमच्यापुढे मांडतो आहोत तो विषय वेगळाच आहे. मोठ्या शहराच्या कडेला, नदीच्या काठाने, पैसेवाल्यांना राहण्यासाठी जी देखणी उपनगरे उठतात, त्यांचा. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याच्याशी काय करायचे, असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. नागपूरहून गोव्याकडे जाणारा जो नवा महामार्ग सरकारने योजला आहे, तो वर्धा जिल्ह्यातल्या पवनारला सुरू होऊन सिंधुदुर्गाच्या टोकाला गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला संपायचा आहे. मूळ आखणीत बारा जिल्हे त्याच्या वाटेवर होते. आखणीवर भांडण चालू आहे, कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी तर रस्त्यावर येऊन विरोध केला. रस्ता होईल की वळेल हे पुढे दिसेल. पण रस्ता, विमानतळ, धरणाचा जलाशय यापैकी काहीही आले की त्याच्या पाठोपाठ जमिनीचे गिऱ्हाईक येते. ते तुमच्या धुऱ्यावरही येणार आणि आमच्या गडग्यावरही.

आधी साधा हिशेब करू. ज्वारी पिकवणाऱ्या जमिनीला ज्वारीच्या हिशेबाने किंमत किती? पिकाचा भाव असा बांधून ठेवलेला की खर्च वजा जाता हातात उरते त्यावर जमिनीची किंमत काढायची म्हटली तर ती जमीन कोणी फुकटही घेऊ नये. त्याच जमिनीवर बिनशेतीचा शिक्का बसला की तिची किंमत एकदम उडी मारते. माती बदललेली नाही, पाऊस वाढलेला नाही, तहसील कचेरीतला एक कागद तेवढा बदलला. आणि त्या जमिनीच्या अंगाला नदी असेल तर आणखी एक उडी. म्हणजे शेतकऱ्याच्या घामाला जो भाव मिळत नाही तो शहरातल्या माणसाच्या खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याला मिळतो. आमचे भांडण त्या खिडकीशी नाही. ज्याला परवडते त्याने नदी बघत चहा प्यावा. प्रश्न एवढाच की या दोन उड्यांमधला पैसा जातो कोणाकडे?

नव्वद टक्के ठिकाणी उत्तर सर्वांना पाठ आहे. शिक्का आणण्याची ज्याची ऐपत, त्याच्याकडे. शेतकरी मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला, सोसायटीच्या थकबाकीला दोन एकर काढतो. घेणारा एजंट वर्षभरात पाटी लावतो. चार वर्षांनी त्याच जागी भिंत, भिंतीला फाटक, आणि फाटकावर निळ्या कपड्यात उभा असतो तो बहुधा त्याच शेतकऱ्याचा मुलगा.

पण एक उदाहरण वेगळे आहे, आणि ते आपल्याच राज्यातले आहे. पुण्याच्या हडपसरला मगर मंडळींची वडिलोपार्जित जमीन होती. ऊस, भाजीपाला पिकवणारी बागायत. १९८२ च्या सुमारास शहराच्या विकास आराखड्यात या शेतांवर शहरवाढीचा रंग चढला. मागे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा उभा होताच. म्हणजे एकीकडे सरकार उचलेल ही धास्ती, दुसरीकडे बिल्डर तुकड्यातुकड्याने घेईल ही धास्ती. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० कुटुंबे एकत्र आली, चारशे एकरांवर जमीन एकजागी केली आणि स्वतःचीच कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन तितके त्याचे समभाग. विकायची वेळ आलीच तर आधी आपसांत. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. घरे विकली, पण संगणक कंपन्यांच्या कचेऱ्यांच्या इमारती भाड्याने दिल्या. ते भाडे शेतकऱ्याच्या घरात येत राहते. वीट, वाळू, खोदाई, बागकाम, फरशी यांची कामे शेतकऱ्यांच्याच पोरांनी घेतली. जमीन विकून आलेला पैसा गाडीत, लग्नात आणि दुसऱ्याच्या धंद्यात उडाल्याच्या कथा आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. इथे पैसा एकरकमी हातात पडलाच नाही. आमच्या मते सगळी हुशारी या एकाच गोष्टीत होती.

याच मंडळींच्या पुढाकाराने पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड गावच्या शेतकऱ्यांची नांदेड सिटी उभी राहिली. (मराठवाड्यातल्या वाचकांनी दचकू नये, हे पुण्याजवळचे नांदेड.) सुमारे सातशे एकर, खडकवासल्याच्या खाली, मुठा नदीच्या काठाला. आमचा आजचा विषय तो हाच. २००५ साली सरकारने विशेष नगर वसाहतीचे धोरण आणले. एकलगत ४० हेक्टर, म्हणजे १०० एकर जमीन असेल तरच त्याचा लाभ. एकट्या शेतकऱ्याजवळ शंभर एकर कुठून असणार? कमाल धारणेच्या कायद्याने ते होऊ दिलेच नाही. म्हणजे हे धोरण बिल्डरसाठीच होते म्हणायचे. नांदेडच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ती अट पुरी केली आणि बिल्डरच्या खुर्चीवर स्वतः बसले.

तिथे राहणे कसे आहे? आमच्या गावची पोरे पुण्यात नोकरीला आहेत, त्यातली काही अशा वसाहतींतून राहतात, आमचे जाणे-येणे होते. रस्ते रुंद, झाडे ओळीने, पोरांना शाळा आतच, बाजार आतच, रात्री बाईमाणसाला एकटीने फिरायला भीती नाही. ज्या शेतकऱ्याचे घर आता सातव्या मजल्यावर आहे, त्याच्या म्हातारीला ऊन खायला अंगण नाही, गोठा नाही, कोणाला हाक मारावी तर शेजारचे दार बंद. हे खरे आहे. पण त्या म्हातारीची सून पहाटे शेण काढायला उठत नाही आणि डोक्यावर हंडा घेत नाही, हेही तितकेच खरे. शेतकऱ्याने मातीत राबत राहावे आणि शहरातल्यांनी त्याच्या मातीवर कविता कराव्यात, हा उद्योग आपण फार वर्षे पाहिला. शेतकऱ्याच्या सुनेला चांगल्या घरात राहावेसे वाटले तर त्यात संस्कृती बुडत नाही.

मात्र नदीकाठचे गणित निव्वळ खिडकीचे नसते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि मुठेने पुण्याचे काय केले ते जुनी माणसे विसरलेली नाहीत. धरण फुटावेच लागते असेही नाही. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीच्या बाजूला जीबीएस नावाच्या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि पिण्याच्या विहिरीच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. धरणाच्या पायथ्याशी गाव, दारात नदी, २०२१ साली गाव महापालिकेतही आलेले, आणि प्यायच्या पाण्याची ही अवस्था! घर भारी झाले म्हणून पाणी चांगले होत नाही.

आणखी एक बाजू कोरडवाहू शेतकऱ्यापासून लपवता येणार नाही. खडकवासल्याच्या साखळीतले पाणी पुणे पिते आणि त्यातूनच हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीला कालवा जातो. शहराकडेने जितक्या वसाहती वाढतील तितके कालव्याचे आवर्तन आखडते. वापरून झालेले घाण पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. म्हणजे हवेलीतला शेतकरी कंपनीचा भागीदार होऊन सुखी झाला, पण इंदापूरच्या शेतकऱ्याने त्याच्या सुखाची किंमत मोजली. हे तुमच्याआमच्यातलेच भांडण आहे आणि कोणत्याही आराखड्यात त्याचा हिशेब मांडलेला नसतो. वसाहत शेतकऱ्यांची असो की बिल्डरची, वापरलेले पाणी स्वच्छ करूनच नदीत सोडण्याची सक्ती दोघांवर सारखीच हवी.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. आंध्रची नवी राजधानी अमरावती. (विदर्भातली नव्हे.) कृष्णेच्या काठी, गुंटूर जिल्ह्यात, कापूस-मिरचीच्या मुलखात. २०१५ पासून सुमारे ३४ हजार एकर जमीन शेतकऱ्यांनी सरकारच्या ताब्यात दिली. विकली नाही, भागीला दिली म्हणा ना. कोरडवाहू एकरामागे हजार चौरस यार्ड राहण्याचा आणि अडीचशे यार्ड व्यापाराचा विकसित भूखंड, शिवाय दहा वर्षे दरसाल ठरलेली रक्कम, असा करार. कागदावर नांदेड सिटीहून फार वेगळे नाही. २०१९ साली तिथे सरकार बदलले. नव्या सरकारने एकाऐवजी तीन राजधान्या करायचे काढले, काम थांबले, आणि शेतकरी व त्यांच्या बायका वर्षानुवर्षे धरणे धरून बसल्या, पायी मोर्चे काढत राहिल्या. शेत गेले, भूखंड मिळाला तो ओसाडीत. २०२४ ला पुन्हा सरकार बदलले तेव्हा कुठे काम हलले. हडपसर आणि अमरावती यांत फरक कशाचा? जमीन दोघांनीही एकत्र केली. एकांनी ती स्वतःच्या कंपनीत ठेवली, दुसऱ्यांनी सरकारच्या हवाली केली. समृद्धी महामार्गाच्या वेळी आपल्याकडेही सरकारने सुरुवातीला जमिनी एकत्र करून भागीदारी देण्याची भाषा केली होती. बहुतेक शेतकऱ्यांनी रोख घेऊन थेट विक्री केली. त्यांना कमअक्कल म्हणणारे शहरात पुष्कळ आहेत. आम्ही म्हणत नाही. ज्याने चाळीस वर्षे सरकारचा शब्द फिरताना पाहिला तो भागीदारी कशी घेईल?

तुमच्या कापसाशी आमचे नाते आहे ते मुंबईच्या गिरण्यांतून. तुमचा कापूस तिथे जायचा आणि आमची माणसे तिथे सूत काढायची. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, तो कधी मिटला असे म्हणता येत नाही. मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडच्या कितीतरी घरांतली मनीऑर्डर थांबली. १९९१ साली नियम झाला की गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे: एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती करून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली. मोकळी जमीन होती किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. आज तिथे मनोरे आहेत. आमच्या माणसांनी त्या जमिनीवर तीन पिढ्या घाम गाळला, पण कागदावर त्यांचे नाव कधीच नव्हते. शेतकऱ्याजवळ निदान सातबारा असतो. तो हातात असताना जर आपण गिरणी कामगाराच्या जागी जाऊन बसणार असू तर दोष कोणाला द्यायचा?

आता आमच्या घराकडे वळू. कर्ली नदी सह्याद्रीतून कुडाळवरून येते आणि देवबागजवळ समुद्राला मिळते. देवबाग, तारकर्ली म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. इथल्या कुटुंबांनी जमीन न विकता घराच्याच दोन खोल्या वाढवल्या, पर्यटन महामंडळाच्या न्याहारी निवास योजनेत नाव घातले, बायकांनी चूल सांभाळली, पुरुषांनी होडी. जे घर रापणीवर जेमतेम चालायचे ते आता पाहुण्यांवर चालते. हे काही श्रीमंत उपनगर नाही. पण नदीकाठच्या पाण्याचा भाव मालकाच्याच पदरात पडतो, एवढे यात नक्की दिसते. समुद्र जमीन खातो आहे, मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने छपरे उडवली, तरी माणसे जागा सोडत नाहीत कारण जागेत त्यांचा धंदा आहे.

बाकीच्या जिल्ह्यात चित्र उलटे. चिपीचा विमानतळ २०२१ ला उघडला, तो रडतखडत चालतो. पण गोव्याच्या हद्दीत मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून धावू लागला आणि तो सावंतवाडी, दोडामार्गला हाकेच्या अंतरावर. तेरेखोलच्या काठाने, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याने गोव्यातल्या घरांचे भाव न परवडणारे गिऱ्हाईक आता आमच्या बाजूला बघते. इथे हडपसरसारखे का होत नाही? एक कारण आमचा सातबारा. त्यावर चाळीस-पन्नास नावे सहज सापडतील. आजोबा वारले त्यांचे नाव कमी झालेले नाही, चुलते मुंबईत, त्यांची मुले बदलापूरला, आत्या कुठे आहेत हे कोणी विचारलेले नाही. आंबोली, गेळे, चौकुळला तर कबुलायतदार गावकर पद्धतीने कोणाची किती जमीन हेच वर्षानुवर्षे ठरेना. एजंटाला अशी अडचण म्हणजे पर्वणी. तो मुंबईतला एक अडलेला हिस्सेदार गाठतो, त्याचा अविभाज्य हिस्सा घेतो आणि बाकीच्यांच्या घरात पाय ठेवतो. जे एकत्र यायचे ते सातबाऱ्यावर आधीच एकत्र आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

दुसरे कारण कायदा. शेतकरी नसलेल्याने शेतजमीन घेऊ नये असे १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ सांगते. तुमच्या विदर्भाला १९५८ चा आणि मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा वेगळा कायदा आहे, वळण तेच. म्हणायला हे शेतकऱ्याच्या रक्षणासाठी. प्रत्यक्षात गिऱ्हाईक कमी झाले की भाव पडतो. कुठून तरी शेतकऱ्याचा दाखला पैदा केलेला मधला माणूस तेवढा उरतो, तो स्वस्तात घेतो आणि शिक्का मारून खऱ्या गिऱ्हाइकाला महाग विकतो. किनाऱ्याला आणखी एक जाळे आहे. १९९१ च्या सागरी नियमाने भरतीच्या नदीकाठी १०० मीटरपर्यंत बांधकाम अडवले, २०१९ च्या नियमाने ते अंतर ५० मीटरवर आणले. नियम नको असे आम्ही म्हणत नाही, देवबागला राहणाऱ्याला नदीची ताकद कळते. पण मच्छीमाराला पडवी वाढवायला चार वर्षे कागद फिरवावे लागतात आणि मोठ्या हॉटेलाची भिंत एका पावसाळ्यात उभी राहते, याचे उत्तर कोणीतरी द्यावे.

आमच्यातच एक आक्षेप निघतो, तो रास्त आहे. हडपसर पुण्याच्या पोटात आहे. राळेगाव किंवा मानवतच्या शेतात संगणकाची कचेरी कोण बांधणार? कोणी नाही. सर्व कोरडवाहू शेतकऱ्यांनी टाउनशिप काढावी असे आम्ही सुचवत नाही, ते हास्यास्पद होईल. बहुतेकांना कापूस आणि ज्वारीच पिकवायची आहे आणि त्यांची लढाई भावाचीच आहे. शिवाय मगरांच्या शेतावर जे सालगडी राबत होते ते समभागाच्या यादीत येत नाहीत, हेही आम्ही विसरलेलो नाही. पण नागपूर, अकोला, जालना, संभाजीनगर यांच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या घेरात, समृद्धीच्या प्रत्येक उतारावर, धरणाच्या कडेला जी गावे आहेत त्यांना हा प्रश्न उद्या नाही, आजच पडलेला आहे. तिथे गिऱ्हाईक येऊन गेल्यावर बैठक घेऊन उपयोग नाही.

तेव्हा या जिल्हा बैठकीत अशा गावांच्या कार्यकर्त्यांनी वेगळे बसावे, असे आमचे म्हणणे आहे. सातबारा आणि आठ-अ घेऊन बसावे. वारस नोंदी कोणाच्या राहिल्या, फेरफार कोणाचा अडकला, हे गावात मोठ्याने वाचावे. १९९४ च्या राज्याच्या आणि २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने मुलींचा वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा आहे. लेकीबाळींकडून हक्कसोड लिहून घेण्याची जी घाई चालते ती थांबवावी. त्यांना बैठकीला बोलवावे. एजंट त्यांच्या सासरी पोचण्याआधी आपण पोचलेले बरे. नदी किंवा तलावाच्या कडेचे गाव असेल तर पाटबंधारे खात्याकडून पूररेषेचा नकाशा मागून घ्यावा, म्हणजे कोणत्या गटाला खरेच भाव आहे आणि कोणता गट पाण्यात जाणार हे आपल्याला आधी कळेल. एकत्र येण्याचे ठरले तर कंपनी की सहकारी संस्था, यावर भांडण होईल. आमचा कल कंपनीकडे आहे, कारण सहकारात निबंधक येतो आणि निबंधकामागून पुढारी येतो. तुमचे मत वेगळे असेल तर बैठकीत मांडा.

सरकारकडे मागायचे आहे ते एवढेच: शंभर एकर एकत्र करणाऱ्या बिल्डरला ज्या सवलती मिळतात त्या शंभर एकर एकत्र करणाऱ्या गावाला त्याच मुदतीत, त्याच कागदांवर मिळाव्यात, आणि महामार्गासाठी जमीन घेताना उताराच्या चौकाभोवती कोणाच्या नावाने खरेद्या झाल्या त्याची गावनिहाय यादी तलाठी कार्यालयाबाहेर लावावी. पवनारपासून पत्रादेवीपर्यंत ज्या ज्या गावात आखणीचे दगड पडतील तिथल्या खरेद्या आमच्याकडे कळवा. सिंधुदुर्गातल्या आम्ही गोळा करतो आहोत.